कानात सांगितलेलं नाव

पनवेल,
१७ जुलै २०११

प्रिय आशाताई,

तुमच्या लेकाने आत्ताच बाइक खाली लावली, सुके बोंबील आणि जवळ्याची पिशवी ओट्यावर ठेवली आणि म्हणाला, "मामी, आईला पत्र द्यायचं असेल तर लिहून टाका, मी थांबतो." तो हर्षूशी बोलत बसलाय, तोवर लिहून घेते. फोनवर तुम्हाला नुसती खरखर ऐकू येते आणि मला घसा फोडून ओरडावं लागतं, त्यापेक्षा हे बरं. त्या मेल्या तापाने तुमचे कान नेले, पण माझं अक्षर तेवढं सुधारलं.

आमच्या शाळेत नवीन खूळ आलंय. गेल्या वर्षी दहावीतली एक मुलगी एका मुलाच्या धाकाने शाळा सोडून गेली, तेव्हा कुठे आमची संस्था जागी झाली. आता नववी ते अकरावीच्या मुलांना शिकवायचं की प्रेमाच्या नावाखाली कुणी दादागिरी करत असेल तर ती कशी ओळखायची आणि कशी थांबवायची. हे काम गळ्यात पडलं माझ्या आणि अस्माच्या. अस्मा म्हणजे आमच्या विज्ञानाच्या बाई, हर्षूची मैत्रीण सायमा आहे ना, तिची आई. मुख्याध्यापकांनी विचारलं, तासाला नाव काय द्यायचं? अस्मा सरळ म्हणाली, "डेटिंगमधला छळ." सर आधी पाणी प्यायले. मग वेळापत्रकात 'जीवन-मार्गदर्शन' असं लिहिलं गेलं.

पहिला तास अकरावीवर, म्हणजे आपल्या हर्षूच्याच वर्गावर झाला. मी फळ्यावर लिहिलं, 'प्रेम कशावरून ओळखाल?' अर्धा वर्ग बाकाखाली घुसला. एक लंबूटांग मुलगा उठून म्हणाला, "मॅडम, मिस्ड कॉलवरून." मी म्हटलं, "किती आले की प्रेम आणि किती आले की पहारा, ते पण सांग." तेव्हा कुठे गप्प झाले. मग मी समजावलं, कुठे आहेस, कोणाबरोबर आहेस, का गेलीस, असं जो सारखं विचारतो त्याला तुमची काळजी नसते, त्याला तुमचा ताबा हवा असतो. वाक्य माझं मलाच इतकं आवडलं की दुसऱ्या तुकडीतही तेच म्हटलं. हर्षू मात्र मान खाली घालून बसली होती. आईचा तास, बिचारी लाजली असणार.

बाकी तुमच्या निकेशचं किती कौतुक करू? द्रोणागिरीच्या गोदामात दिवसभर राबतो, तरी पहिल्या पगारातून हर्षूला मोबाईल घेऊन दिला. संध्याकाळ झाली की मला फोन. मामी, हर्षू पोचली का? उशीर का झाला? बरोबर कोण होतं? मी सगळं सांगते, मग त्याच्या जिवाला बरं वाटतं. नाहीतर आमचे हे! लेक कितवीत आहे ते विचारलं तर दुकानातल्या माणसाकडे बघतील.

तुमची,
रंजिता

*

मोरा,
३१ जुलै २०११

वयनीस आशालताचा नमस्कार,

तुजं पत्र वाचलं, हसून हसून पोटात दुखलं. पाकीट उघडंच होतं गं. शालंतला गोंद संपला काय? निकेश बोलला, मामीनं तसंच दिलं.

आमच्या येली कसलं डेटिंग नि फेटिंग! जेटीवर उभं राहून एकमेकांकडं बघायचं, बघितलं म्हनून घरी मार खायाचा, नि मग त्याच्याशीच लगीन लावून द्यायाचं. झालं मार्गदर्शन.

तुज्या सायबाला सांग, आमच्या घरात त्या तासाची गरज नाय. आमचं बारशालाच ठरलेलं. आठवतंय ना? आत्या मी, नाव ठेवायचा मान माजा. पालन्यात वाकली, हर्षूच्या कानात 'हर्षाली' बोलली, कुर्रर्र केलं, नि त्याच दमात बोलली, 'निकेशची बायको'. सगल्या बायांनी पाठीत धपाटे घातले, दादा पन हसला, तू पन हसलीस. निकेश पाच वर्षांचा, पालन्याला धरून उभा. सगल्या आलीत सांगत फिरला, चला, माजी बायको बघायला चला! आता मामाची पोर ती, दुसऱ्या कुनाच्या घरी कशाला जाईल?

निकेश विचारीत होता, मामी पोरींना असलं कशाला शिकवते? मी बोलली, वरून हुकूम आला असंल. तो बोलतो ते मी आता तोंड बघूनच वलखते, कानाचं काम डोल्यानं करायची सवय झाली. जरा तापट हाय, बापावर गेलाय. पन बाप मेल्यावर घर त्यानंच सांभाललं, मनात काय नाय त्याच्या. दिवाली झाली की साखरपुडा करून टाकू. लगीन मागाहून. शिकू दे तिला किती शिकायचं ते.

गनपतीला सगली या. वाट बघते.

आशालता

*

पनवेल,
२५ ऑगस्ट २०११

प्रिय आशाताई,

पाकीट मी चांगलं चिकटवलं होतं हो. दमट हवेने सुटलं असेल.

तुम्ही म्हणता आपल्या घरात गरज नाही, पण बाहेर काय चाललंय ते ऐकाल तर थक्क व्हाल. परवा अस्माने वर्गाला डोळे मिटायला लावले आणि एकेक प्रश्न विचारला. ज्याला लागू असेल त्याने नुसतं एक बोट वर करायचं. तुमचा मोबाईल कुणी जबरदस्तीने बघतं का? कुणाच्या भीतीने तुम्ही मैत्रिणी सोडल्यात का? आवडतं काही बंद केलंय का? कुणी हात उगारलाय का? मी वर्गाच्या मागे उभी राहून बघत होते. किती बोटं वर गेली म्हणून सांगू! चांगल्या घरच्या, वेण्या घातलेल्या पोरी. मला त्यांच्या आयांचा राग आला. घरात बसून करतात काय या बायका? पोरीचं तोंड दिसत नाही यांना?

आपल्या हर्षूचं बोट एकदाही हललं नाही. मनात म्हटलं, देवा, उपकार आहेत तुझे.

पोर अलीकडे शहाणी झालीय हं. खो-खो सोडला. चड्डी घालून मैदानात उड्या मारायचं वय गेलं, असं निकेशने समजावलं म्हणे. गॅदरिंगच्या नाचातूनही नाव काढलं. घरीच असते, पूर्वीसारखी उलट उत्तरं देत नाही. मखराच्या खरेदीला निकेशबरोबर गेली आणि बाइकवरून उतरताना मनगट मुरगळून आली. एवढंच काय ते लागलं. हळद लावलीय.

चंद्र दिसला तर बुधवारी ईद, लगेच गुरुवारी गणपती. ईदला हर्षू सायमाकडे शिरखुर्मा खायला जाणार आहे. गौरीच्या आदल्या दिवशी आम्ही तिघंही मोऱ्याला नक्की.

रंजिता

*

मोरा,
८ सप्टेंबर २०११

वयनी,

गनपती येऊन गेलं. गौरी येऊन गेल्या. तुमचं पाय काय दाराला लागलं नाय. दादा एकटा आला, उभ्या उभ्या आरती घेतली, हर्षूला ताप हाय बोलला नि ताटावर पन बसला नाय. माज्या डोल्याकडं बघितलं नाय त्यानं. ताप काय मानसाला येत नाय? पन तू दोन ओली लिवून पाठवायच्या होत्यास.

इकडं निकेश पन तोंड फुगवून बसलाय. मोदक ताटात टाकून उठला. काय झालं विचारलं तर बोलतो, मामी शालंत माज्याविरुद्ध शिकवते. मना तर काय समजत नाय. तुमचं दोघांचं भांडान झालंय काय? लहान हाय तो, तू मोठी, पदरात घे.

मी साखरपुड्याचा शालू आनलाय. हिरवा. हर्षूला सांगू नकोस, बघून हरखून जाईल.

आशालता

*

पनवेल,
११ सप्टेंबर २०११

आशाताई,

हे पत्र पोस्टाने येतंय. निकेशच्या हाती आता मी काही देणार नाही. माझं पहिलं पाकीट उघडं का मिळालं तेही मला कळलंय. गोंद चांगलाच होता.

हर्षूला ताप नव्हता. ह्यांना तसं सांगायला मीच लावलं. तिच्या गालावर पाच बोटं उमटली होती आणि कानामागचे केस उपटून आले होते. तशी तिला तुमच्या गणपतीपुढे कशी आणणार होते मी? लोकांनी विचारलं असतं. बघा, अजूनही मला लोकच आठवतात.

ईदच्या दिवशी ती सायमाकडे होती. मी करंज्या तळत होते. निकेशचा फोन आला, रोजच्यासारखाच. "मामी, हर्षू फोन उचलत नाही." मी म्हटलं, "अरे, सायमाकडे गेलीय, गप्पांत ऐकू आला नसेल." त्याने घर विचारलं. मी सांगितलं. मशिदीमागची गल्ली, पिवळी बिल्डिंग, खाली बेकरी आहे. वर हसत हसत सांगितलं की सायमाचा भाऊ आदिल पण दुबईहून आलाय, सगळी पोरं जमलीत, मजा चाललीय. आणि फोन ठेवून करंजी उलटली.

तो वर गेलाच नाही. खालून हाका मारून तिला खाली बोलावलं. अस्मा गॅलरीत उभी होती, तिने डोळ्यांनी बघितलं. "आदिलला बघायला आलीस काय?" म्हणून त्याने तिच्या थोबाडीत मारली आणि केस धरून बाइकपर्यंत ओढत नेलं. अस्माचे मालक हाफिजभाई आणि आदिल धावत खाली गेले, तेव्हा तिला सोडून पळाला. ईदच्या नव्या कपड्यातली सगळी गल्ली बघत होती. अस्मा तिला रिक्षात घालून घरी घेऊन आली. मी दार उघडलं. आणि माझ्या तोंडून पहिले शब्द काय निघाले माहीत आहे? "अगंबाई, सणासुदीचं हे काय! कुणी बघितलं का?"

लागलं का, असं नाही विचारलं मी. कुणी बघितलं का, असं विचारलं.

अस्मा खुर्चीवर बसली, पाणीसुद्धा घेतलं नाही तिने. म्हणाली, "रंजिता, एकच सवाल आहे माझा. हर्षूने त्याला घर कधी दाखवलं नव्हतं. मग त्याला पत्ता दिला कुणी?" मी काही बोलायच्या आत हर्षू म्हणाली, "आईने." पुढे मागे काही नाही, रडणं नाही. जमीन दुभंगली असती तर मी आत गेले असते, ताई, खरंच गेले असते.

गेल्या दिवाळीपासून हे चाललंय. मनगट त्याने पिरगळलं होतं. खो-खो त्याने बंद केला, नाच त्याने बंद केला. मोबाईल दिला तो रोज तपासायला दिला. मी त्या दिवशी त्या दुसऱ्या आयांना नावं ठेवत होते ना? पोरीचं तोंड दिसत नाही का, म्हणत होते? मी तिला विचारलं, अगं, मग त्या दिवशी बोट का नाही वर केलंस? ती म्हणाली, "तू मागे उभी होतीस. आई, तू वर्गात जे सांगतेस ते बाकीच्या मुलींसाठी असेल असं मला वाटलं. कारण घरी आल्यावर तूच त्याला सगळं सांगतेस." मी तिची आई आणि मीच त्याचा पहारा होते.

साखरपुडा होणार नाही. मोबाईल वेगळ्या पार्सलने परत पाठवलाय, हर्षूचा नंबर बदललाय. हे म्हणतात, घरातलं घरात ठेव, बहिणीला तोंड कसं दाखवू? मी त्यांना सांगितलंय, निकेश पुन्हा आमच्या दारात आला तर मी पोलीस स्टेशनला जाणार. तुम्हाला आधी कळावं म्हणून लिहिते.

रंजिता

*

मोरा,
२० सप्टेंबर २०११

वयनी,

तुजं पत्र चुलीत घालायला निघाली होती. घातलं नाय, येवढंच.

माज्या पोऱ्यावर शालंतलं पुस्तक लावतेस? गुंडा हाय काय तो? तरनी पोर परक्याच्या घरात, तितं परका पोऱ्या, नि त्याला राग येऊ नये? आपल्या मानसावर एक हात उचलला तर काय जग बुडतं? माज्यावर पन उचलला होता त्याच्या बापानं. मी काय पोस्टानं पत्रं पाठवली नाय कुनाला.

मी त्याला समोर बसवून विचारलं. तो बोलला, "मामीच तर सगलं सांगत होती मना. रोज सांगत होती. मामीला चालत होतं, मग आता काय झालं?" याचं उत्तर दे तू. तू मास्तरीन हायेस, दे उत्तर.

पोलिसात जायाचं बोलतेस! ज्याला मांडीवर घेऊन भात भरवलास त्याला पोलिसात देशील? गावात काय तोंड दाखवू मी? सगल्यांना म्हाईत हाय हर्षू माजी सून. शालू पेटीत हाय. त्याचं काय करू, ते पन तुज्या पुस्तकात असंल तर कलव.

आशालता

*

पनवेल,
२६ सप्टेंबर २०११

आशाताई,

निकेश बरोबर बोलला.

जे मी वर्गात वाईट म्हणून शिकवत होते तेच तो माझ्या फोनवर करत होता आणि मला ते गोड लागत होतं. का? कारण तो आपला. मामाच्या मुलीवर हक्क असतो, बारशाला ठरलंय, मग तो विचारतो ती काळजी. दुसऱ्याच्या मुलाने विचारलं असतं तर मी त्याला कान धरून मुख्याध्यापकांकडे नेलं असतं. निकेशला कुणी कधी सांगितलंच नाही की ती तुझी नाही. तुम्ही नाही, ह्यांनी नाही, मी नाही. सगळे हसलो.

मी ते तास सोडले. सरांना सांगितलं, घसा बसलाय. तेही खोटंच. त्या फळ्यापुढे उभं राहिलं की हर्षूचा बाक दिसतो. अस्मा एकटी घेते आता. "पळून जा, पण पोरीपासून तरी नको पळू," एवढंच म्हणाली ती मला.

तुमच्या शालूचं काय करायचं ते मला माहीत नाही. पण एक मागते. निकेशला हर्षूचा नवा नंबर मिळालाय. वर्गातल्या कुणाकडून तरी काढला असणार. माझ्याकडून नाही. या वेळी माझ्याकडून नाही. रोज संध्याकाळी फोन करतो. ती उचलत नाही, मग कुणाच्या तरी फोनवरून करतो आणि तिने चुकून उचलला की बोलत सुटतो. ती पांढरीफटक होते. तुम्ही तोंड बघून ओळखता ना? तो फोनवर बोलेल तेव्हा एकदा त्याच्या समोर उभ्या राहा. मग मला काय शिव्या द्यायच्या त्या द्या, मी खाली मान घालून ऐकेन.

रंजिता

*

मोरा,
१६ ऑक्टोबर २०११

वयनी,

लिवायला बसायची, परत उठायची. हात धजत नवता.

मी बघितलं.

मी अंगनात मासे साफ करीत होती. निकेश पायरीवर बसून फोनवर. त्याला वाटतं आई बहिरी, तिच्यासमोर कायपन बोललं तरी चालतं. मी मान वर केली नि त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. तो बोलला, "तू माजी हायेस. बारशापासून माजी हायेस. जाशील कुठं?" त्याच्या फुडं जे बोलला ते मी लिवनार नाय. आईनं लिवायासारखं नाय ते.

ते तोंड माज्या वलखीचं हाय गं. त्याच्या बापाचं तोंड ते, तस्संच.

वयनी, माजं कान तापानं गेलं नाय. त्याच्या बापानं मारलं, एकदा नाय, कितींदा. एका कानातून रगत आलं, मग दुसरा पन हलूहलू गेला. निकेश बारका होता, दारात उभा राहून बघत होता. मी त्याला जवल घेतलं नि शिकवलं, कुनी विचारलं तर आईला ताप आला होता, असं सांगायचं. शहान्या पोऱ्यानं सांगितलं. दादाला सांगितलं, तुला सांगितलं, डाक्तरला पन सांगितलं. तुमी शालंत पोरांना शिकवता. माज्या पोऱ्याला मी हे शिकवलं. मार लपवायचा, नि मारनाऱ्याला सांभालून घ्यायाचं. मागच्या पत्रात तुला बोलली ना, जग काय बुडतं? ते लिवताना माजं मनच मना खात होतं.

मी हात धुतलं, जाऊन त्याच्या हातातला फोन काढून घेतला. बोलली, "ती तुजी कोन नाय. माजी भाची हाय, बस." तो काय काय ओरडला. आयकू येत नाय ते एक बरं असतं. मग त्यानं हात उचलला, वयनी. माज्यावर. मी बोलली, "मार. कान तर गेलेलंच हायत, आता काय नेशील?" हात तसाच वर राहिला. मग खाली बसला नि पोटात पाय घेऊन रडला. मी जवल घेतलं नाय. लई जड गेलं, पन घेतलं नाय.

आता आयक. अस्मा मॅडमला विचार, येवढ्या मोठ्या पोऱ्याला शिकवतात काय कुठं? तुमच्या शालंत नको, हर्षू हाय तितं. दुसरीकडं कुठं पन असूं दे, मी त्याला हाताला धरून घेऊन येन. नाय आला, नि परत त्यानं फोन केला, तर पोलिसात तू एकटी जाऊ नकोस. मी येन तुज्यासंगं. मी सांगीन काय काय बघितलं ते.

येत्या शुक्रवारी संध्याकाली शेजारच्या गोदूबाईच्या फोनवरून तुला फोन करीन. मना काय आयकू येनार नाय, तरी करीन. हर्षूच्या कानाला लाव. ती कबूल असंल तरच लाव, नाय बोलली तर ठेवून दे, माजं मी बोलून गप बसेन. ती काय बोलली ते मागाहून लिव. चांगलं वाईट काय असंल ते सगलं लिव. काय गालू नकोस.

आशालता

*

पनवेल,
२३ ऑक्टोबर २०११

आशाताई,

तुम्ही सांगितलंय तसं लिहिते, काही गाळत नाही.

फोन आला तेव्हा मी हर्षूला विचारलं, "आत्याचा आहे. बोलशील?" तिने स्वतःच हातात घेतला. तुमचा आवाज इतका मोठा होता की कानाला लावायची गरजच नव्हती, आम्हा दोघींना आणि आतल्या खोलीत ह्यांनाही ऐकू आला. तरी तिने कानालाच लावला.

तुम्ही म्हणालात, "हर्षू, बारशाला तुज्या कानात मी दोन गोष्टी बोलली होती. एक तुजं नाव, ते राहू दे. दुसरं बोलली ते मी परत घेते. तुला इचारलं नवतं मी. तू पालन्यात होतीस. मना माफ कर." आणि मग तुम्ही कुर्रर्र केलंत. सोळा वर्षांच्या पोरीच्या कानात, फोनवरून! हर्षू हसली आणि हसता हसता रडायला लागली. हे बाहेर आले, दारातच भिंतीला टेकून उभे राहिले. रडले. तुमच्या कानांचं मी त्यांना सांगितलंय. तुम्ही गाळू नकोस म्हणालात, म्हणून तुमचंही गाळलं नाही. ते दिवाळीला येतील मोऱ्याला, या वेळी ताटावर बसतील.

हर्षूने काय उत्तर दिलं ते तुम्हाला ऐकू आलं नाही. ती आधी म्हणाली, "आत्या, ऐकू आलं मला." दोनदा म्हणाली, विसरलीच की तुम्हाला काही कळणार नाही. मग म्हणाली, "माफ वगैरे मला अजून काही जमत नाही. निकेशला मी बघणार नाही, तो शिकला सुधारला तरी नाही. पण तुझ्याकडे मी येईन. तो घरात नसेल तेव्हा येईन. शालू ठेवू नकोस पेटीत, तूच नेस." हे तिचेच शब्द आहेत. निकेशसाठी अस्माने वाशीतल्या एका संस्थेचा पत्ता दिलाय, वेगळ्या चिठ्ठीवर लिहिलाय. मोठ्या मुलांना, पुरुषांना तिथे घेतात.

आता माझ्याबद्दल. फोन ठेवल्यावर मी मूर्खासारखं म्हटलं, "बघ, आत्याने किती मोठं मन दाखवलं." हर्षू माझ्याकडे वळली. "आत्याला कानाने ऐकू येत नाही, तरी ती बघायला गेली. तुला सगळं ऐकू येत होतं, आई. तू रोज त्याला माझं सगळं सांगितलंस, मला एकदाही काही विचारलं नाहीस." मग म्हणाली, "हे पण लिही आत्याला." मी म्हटलं, लिहिते. ती म्हणाली, "माझ्यासमोर लिही."

म्हणून ती आत्ता समोर बसलीय आणि मी लिहितेय. लाजेने मान वर होत नाही. पण मागच्या वेळी लाज लोकांची वाटली होती, आज तिची वाटते. तेवढाच फरक पडलाय माझ्यात, त्याहून जास्त सांगितलं तर ती खोडायला लावेल.

दिवाळीची सुट्टी संपली की अस्माच्या तासाला मी जाणार आहे. शिकवायला नाही, बसायला. हर्षूला विचारलं, चालेल का? ती म्हणाली, "चालेल. पण मागे उभी राहू नकोस."

पत्र तिने वाचून बघितलं. पाकीट तिनेच चिकटवलंय. उघडं मिळालं तर कळवा.

तुमची,
रंजिता